नवी प्रणाली, जुनी खतावणी



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तलवारी आणि तहनामे उभे राहतात. त्या मानाने आजचा माझा विषय अगदीच किरकोळ वाटेल. कचेरीत नवी संगणक-प्रणाली बसवली जाते, बसवता बसवता ती बंद पडते, आणि मग ती का बंद पडली याचा शोध सुरू होतो. या शोधाचा इतिहास मी सांगणार आहे. ज्याचे पेन्शन, पगार, पीककर्ज किंवा परीक्षेचा निकाल त्या बंद खिडकीमागे अडकलेला असतो, त्याला हा विषय मुळीच किरकोळ वाटत नाही. मी शाळा लवकर सोडली. जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, वाचनालयात आणि चौकशी अधिकाऱ्यांसमोर शिकलो. तेव्हा परिभाषेचा बडिवार माझ्याकडून होणार नाही, आणि झालाच तर श्रोत्यांनी मला तेथेच थांबवावे.

आधी ही प्रणाली म्हणजे काय ते पाहू. आपल्या मोंढ्यातील आडत दुकानात पूर्वी रोजकीर्द असे, खतावणी असे, मालाची वही वेगळी आणि हमालीची वेगळी. संध्याकाळी मुनीम या चार वह्यांचा मेळ घाली. मोठ्या कारखान्यात किंवा बँकेत अशा वह्या चारशे असतात. त्या सर्वांचा मेळ एकाच यंत्रणेत, आपोआप आणि त्याच क्षणी बसावा, यासाठी जे तयार सॉफ्टवेअर विकत मिळते त्याला पॅकेज म्हणतात. हा तयार सदरा होय. शिंप्याने माप घेऊन शिवलेला नव्हे. त्यामुळे तो घेतल्यावर कुठे बाही आखूड करावी लागते, कुठे गळा सैल करावा लागतो. कधी कधी तर सदऱ्याला हात लावायचा नाही, माणसानेच अंग चोरून घ्यायचे, असाही आग्रह धरला जातो. आणि सर्वांत अवघड काम म्हणजे जुन्या वह्यांतले आकडे या नव्या भांड्यात ओतणे. बहुतेक अपघात ओतताना होतात.

महाराष्ट्रात हे यंत्र आले ते मुंबईच्या वाटेने. १९६१ साली एस्सो या तेल कंपनीच्या मुंबईतील कचेरीत आयबीएम १४०१ जातीचा संगणक बसला. व्यापारी कामासाठी आपल्या देशात आलेला तो पहिला संगणक समजला जातो. पुढे आयुर्विमा महामंडळाने असाच यंत्रसंच आणायचे ठरवले, तेव्हा विमा कर्मचाऱ्यांनी मोठा लढा दिला. कलकत्त्यातील त्यांच्या लढ्याची आठवण जुने कार्यकर्ते अजून सांगतात. केंद्र सरकारने स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर, आणि तिचा अहवाल १९७२ साली आला. त्या काळच्या वादात एकच प्रश्न वरचढ होता : या यंत्राने किती माणसांच्या पोटावर पाय येईल? प्रश्न रास्तच होता. पण यंत्र बंद पडले तर काय, आणि बंद पडल्याचा ठपका कोणावर, हा दुसरा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. तो पुढे आला तो बँकांमधून.

१९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि बँकांची संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेने डॉ. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९८७ आणि १९९३ मध्ये आणखी करार झाले. कोणत्या शाखेत कोणते यंत्र बसवायचे, ते चालवणाऱ्याला कोणता विशेष भत्ता द्यायचा, हे त्यांत ठरले. वर्तमानपत्रांनी तेव्हा युनियनवाल्यांना प्रगतीचे शत्रू ठरवले. मला त्या टीकेत अर्धेच सत्य दिसते. करार-मदार करीत यंत्र सावकाश आल्यामुळे एक गोष्ट आपोआप घडली. ज्या शाखांत खतावणीचे यंत्र आले तेथे पहिले कित्येक आठवडे, कुठे कुठे महिने, कारकून यंत्रातही नोंद करी आणि जाड बांधणीच्या लेजरातही करी. संध्याकाळी दोन्ही बेरजा ताडून पाहत. जुळल्या नाहीत तर जुळेपर्यंत कोणी घरी जात नसे. याला समांतर लेखन म्हणत. काम दुप्पट होई, लोक कुरकुरत. पण यंत्र कुठे चुकते हे त्याच संध्याकाळी, त्याच टेबलावर कळे. शिवाय यंत्र बंद पडले तरी ग्राहकाला रिकाम्या हाताने परत जावे लागत नसे, कारण जुनी खतावणी जिवंत होती.

आपल्या भागाचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. मराठवाड्याची घरची बँक म्हणजे स्टेट बँक ऑफ हैदराबाद. ती १९४१ साली निजामाच्या राजवटीत स्थापन झाली आणि उस्मानिया सिक्क्याचा कारभारही तिच्याकडे होता. १९५९ च्या कायद्याने ती स्टेट बँकेची उपबँक झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. हाली सिक्क्यातून भारतीय रुपयात, लेजरातून खतावणी-यंत्रात, आणि २००३ नंतरच्या पाच-सहा वर्षांत शाखेच्या यंत्रातून मुंबईच्या केंद्रीय प्रणालीत, इतक्या वेळा एकाच खातेदाराचे आकडे एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतले गेले. केंद्रीय प्रणाली आली आणि बिघाडाचे स्वरूपच पालटले. पूर्वी यंत्र अडले तर एक शाखा अडे. आता अडले तर काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सर्व खिडक्या एकदम अडतात, आणि जालन्याच्या खिडकीवरील कारकुनाला त्याचे कारण ठाऊक नसते. त्याच्या हाती असते ती ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढी पाटी, आणि समोरच्या रांगेचा सगळा संताप.

समांतर लेखन सोडून देऊन एका उडीत नवी प्रणाली आणली म्हणजे काय होते, याचे ठळक महाराष्ट्रीय उदाहरण म्हणजे मुंबई विद्यापीठ. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या सर्व उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरवले. कल्पना वाईट नव्हती. उत्तरपत्रिकेची छायाप्रत काढायची, ती सर्व्हरवर ठेवायची, प्राध्यापकाने ती पडद्यावर वाचून गुण भरायचे आणि बेरीज यंत्राने करायची. गठ्ठे गहाळ होणार नाहीत, बेरजेच्या चुका टळतील. पण ४७७ परीक्षा आणि १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका असलेला हा गाडा एका वर्षात, सगळ्या शाखांसह, एकदम उलटवायचा ठरला, आणि बाहेरच्या कंपनीला काम दिले गेले ते एप्रिलच्या अखेरीस, म्हणजे परीक्षांच्या ऐन हंगामात.

मग व्हायचे तेच झाले. छायाप्रती वेळेवर निघेनात. निघाल्या त्यांतील काही अपुऱ्या, काही भलत्याच विषयाच्या प्राध्यापकापुढे. सर्व्हर रेंगाळे, आणि प्राध्यापक तपासणी केंद्रात पडद्याकडे पाहत बसत. कुलपती असलेल्या राज्यपालांनी ३१ जुलैपर्यंत सर्व निकाल लावण्याची तंबी दिली. महाविद्यालयांतील तास बंद ठेवून प्राध्यापकांना तपासणीला जुंपले, नागपुरापर्यंतच्या प्राध्यापकांची मदत घेतली. तरीही मुदत टळली. निकाल रखडत रखडत सप्टेंबरात गेले. परदेशी जाण्यासाठी गुणपत्रिकेची वाट पाहणाऱ्या मुलांची वर्षे हुकली. कुलगुरूंना आधी रजेवर पाठवले आणि २४ ऑक्टोबर २०१७ रोजी पदावरून दूर केले.

या प्रकरणात सर्वांनी ‘सर्व्हर’ हा एकच शब्द चघळला. पण बिघाडाचा शोध घेणाऱ्याने पहिल्या नावापाशी थांबू नये. सर्व्हर का रेंगाळला? एकाच वेळी हजारो प्राध्यापक त्यावर आले म्हणून. ते किती येणार हे आधी ठाऊक नव्हते काय? होते. मग त्या वजनाची चाचणी का झाली नाही? वेळ नव्हता म्हणून. वेळ का नव्हता? कारण तारीख आधी ठरली आणि तयारी मागून आली. असे एकेक पाऊल मागे जात गेले म्हणजे आपण यंत्रापाशी पोहोचत नाही, निर्णय घेतला गेला त्या बैठकीच्या टेबलापाशी पोहोचतो. आणि दोष यंत्राच्या खोलीतच सापडावा अशी पुष्कळांची इच्छा असते ती याचमुळे.

त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांनाही असा अनुभव आला. जून २०१७ मध्ये राज्य शासनाने ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली आणि अर्ज ऑनलाइन मागवले. नवरा-बायको दोघांनी सेवाकेंद्रावर जाऊन अंगठे द्यायचे, बँकांनी आपल्याकडचा तपशील भरायचा आणि संगणकाने दोहोंचा मेळ घालून पात्रांची हिरवी यादी काढायची, अशी योजना होती. अंगठे उमटेनात म्हणून लोक रात्री-बेरात्री केंद्रांपुढे बसले. दिवाळीत समारंभपूर्वक प्रमाणपत्रे वाटली गेली, आणि मग कळले की एकाच आधार क्रमांकावर अनेक खातेदार दिसत आहेत, बँकेच्या नोंदी अर्जाशी जुळत नाहीत. याद्या थांबल्या, पुन्हा तपासल्या गेल्या. येथे सॉफ्टवेअर मोडले होते असेही म्हणता येत नाही. जुन्या वह्यांत जे विस्कळीत होते ते ओतताना वर आले एवढेच. सोसायटीच्या सचिवाने दहा वर्षांपूर्वी अर्धवट लिहिलेले नाव माणसाला ओळखू येते. यंत्राला येत नाही.

आता बिघाड शोधण्याची विद्या काय सांगते ते पाहू. आपल्या औद्योगिक वसाहतीत रोलिंग मिलमध्ये काम केलेले लोक येथे बसलेले असतील. सळईचे माप अचानक बिघडले तर जाणता मिस्त्री आधी भट्टी विझवायला धावत नाही. तो विचारतो, काल आणि आज यांत काय बदलले? रोल बदलला की बिलेट दुसरीकडून आले? संगणकातही पहिला प्रश्न हाच, आणि दुसरा असा की जे बदलले ते सगळीकडे सारखे बदलले काय.

या दुसऱ्या प्रश्नाची किंमत अमेरिकेतील नाइट कॅपिटल नावाच्या शेअरदलाल कंपनीने मोजली. तिच्याकडे एकच काम करणारे आठ सर्व्हर होते. २०१२ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस नवा प्रोग्राम त्यांवर चढवला गेला. सातांवर तो चढला, आठव्यावर चढवायचा राहून गेला, आणि कोणी दुसऱ्या माणसाकडून ते पडताळून घेतले नाही. त्या आठव्या यंत्रात २००३ पासून न वापरलेला एक जुना प्रोग्राम झोपलेला होता. नव्या प्रोग्रामला जागे करण्यासाठी जी खूण ठरवली होती, तीच पूर्वी त्या जुन्या प्रोग्रामची खूण होती. १ ऑगस्ट २०१२ रोजी सकाळी बाजार उघडला, खूण झाली, आणि आठवे यंत्र भूतबाधा झाल्यासारखे खरेदी-विक्री करू लागले. ग्राहकांचे अवघे २१२ हुकूम होते. ते पुरे करता करता ४५ मिनिटांत ४० लाखांवर सौदे झाले आणि ४६ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बुडाली.

पण मला जो भाग महत्त्वाचा वाटतो तो पुढचाच. बाजार उघडण्यापूर्वी या यंत्रणेने चूक दाखवणारे ९७ ई-मेल निरोप आपोआप पाठवले होते. ते वाचून काही करण्याचे काम कोणाचे, हेच ठरलेले नव्हते. आणि घोळ सुरू झाल्यावर धांदलीत तंत्रज्ञांनी नव्या प्रोग्रामवर संशय घेऊन तो उरलेल्या सात यंत्रांवरून काढून टाकला. म्हणजे जी सात यंत्रे शहाण्यासारखी वागत होती, त्यांतही तो जुना प्रोग्राम जागा झाला. रोग एका गाईला होता, औषधाने सात गाईंना दिला. निदान होण्यापूर्वी केलेला उपचार असा आगीतून फुफाट्यात नेतो. ती कंपनी वर्षभरात दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

म्हणून जाणकार सांगतात की नवे चढवण्यापूर्वी जुने परत आणण्याची वाट बांधून ठेवा. मुंबईच्या एचडीएफसी बँकेने नोव्हेंबर २०१८ च्या अखेरीस मोबाइलवरील नवे ॲप आणले. ग्राहकांना त्यात शिरताच येईना. बँकेने ते मागे घेतले आणि काही दिवसांत जुने ॲप पुन्हा चालू केले. नाचक्की झाली, पण जुने मोडून टाकलेले नव्हते म्हणून परतता तरी आले. बँकेचे बिघाड पुढेही चालू राहिले आणि डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने तिला नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास काही काळ मनाई केली. देशातील एवढ्या मोठ्या बँकेला केवळ यंत्रणा वारंवार बंद पडते म्हणून असा दंडक घातला जावा, ही घटना मला १९८३ च्या कराराइतकीच महत्त्वाची वाटते.

इंग्लंडच्या टीएसबी बँकेला मात्र परतीची वाट उरली नव्हती. एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारी तिने पन्नास लाखांवर ग्राहकांचा हिशेब जुन्या मालकाच्या प्रणालीतून नव्या प्रणालीत ओतला. सोमवारपासून लाखो लोकांना आपलेच पैसे दिसेनात. पुढे चौकशीत निघाले की नव्या प्रणालीसाठी दोन यंत्रगृहे होती आणि वजनाची चाचणी त्यांपैकी एकाचीच झाली होती. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण येथे चुली दोन होत्या.

आता इंग्लंडच्याच टपाल खात्याची गोष्ट सांगतो. आजच्या विषयात तीच मला सर्वांत मोठी वाटते, म्हणून जरा विस्ताराने सांगेन.

तेथे खेडोपाडी टपालकचेरी चालवणारे लोक हे खात्याचे पगारी नोकर नसत. किराणा दुकानाबरोबर टपालाची खिडकी चालवायची, आणि हिशेबात तूट आली तर करारानुसार स्वतःच्या खिशातून भरायची. १९९९ पासून त्यांच्या खिडक्यांवर होरायझन नावाची प्रणाली बसली. ती फुजित्सु कंपनीची होती. थोड्याच दिवसांत न समजणाऱ्या तुटी दिसू लागल्या. मदतीच्या टेलिफोनवर विचारले तर उत्तर मिळे, अशी तक्रार फक्त तुमचीच आहे. प्रत्येकाला हेच उत्तर. लोकांनी दागिने विकले, घरे गहाण टाकली, तुटी भरल्या. आणि ज्यांना भरता आल्या नाहीत त्यांच्यावर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक लोकांना शिक्षा झाल्या. त्यांत आपल्या भारतीय वंशाची माणसे पुष्कळ होती. एका बाईला तर ती गरोदर असताना तुरुंगात जावे लागले. काहींनी आत्महत्या केल्या.

चूक कशी होत असे त्याचा एक मासला पाहा. डॅलमेलिंग्टन या गावी २०१५ साली ८,००० पौंडांची थैली एका कचेरीतून दुसरीकडे जमा करायची होती. बटन दाबले, पडदा गोठला. बाईने पुन्हा दाबले, पुन्हा दाबले. चौथ्यांदा यश आले. यंत्राने ८,००० पौंड चार वेळा जमा धरले आणि खात्यात २४,००० पौंडांची तूट उभी राहिली. बटन पुन्हा दाबणे हा कोणत्याही साध्या माणसाचा स्वाभाविक धर्म आहे. आपण दाराची कडी लागली नाही तर पुन्हा ओढतो तसे. यंत्र बनवणाऱ्याने हे गृहीत धरायला हवे होते. आणि आणखी एक गोष्ट निघाली : कंपनीचे तंत्रज्ञ दूर बसून, खिडकीवरच्या माणसाच्या नकळत, त्याच्या हिशेबात फेरफार करू शकत होते. खाते वर्षानुवर्षे हे नाकारत आले होते. इंग्लंडच्या कायद्यात १९९९ नंतर असे गृहीत धरले जाई की, उलट सिद्ध होईपर्यंत संगणक बरोबर आहे. उलट सिद्ध करण्याची कागदपत्रे मात्र खात्याच्याच कुलपात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फरक इतकाच की येथे चोरी झालीच नव्हती.

या लोकांना न्याय मिळाला तो तंत्रज्ञांच्या पश्चात्तापाने नव्हे. गावोगावचे असे लोक एकमेकांना शोधत गेले आणि ‘फक्त तुमचीच तक्रार आहे’ हे वाक्य सर्वांनाच ऐकवले गेले आहे असे त्यांना आढळले. ५५५ जणांनी मिळून दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीत दोष होते असा निर्वाळा दिला आणि मे २०२४ मध्ये पार्लमेंटने कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द केल्या. एकेकटा असताना प्रत्येकजण गुन्हेगार होता. एकत्र आले तेव्हा त्यांच्या तक्रारी हाच पुरावा झाला. युनियनच्या माणसाला ही गोष्ट सांगताना समाधान वाटते, हे मी लपवीत नाही.

असे आपल्याकडे होत नाही, असे कोणी समजू नये. आमच्या भागातील एका संस्थेत (तिचे नाव घेण्याचे कारण नाही) नवी प्रणाली बसली त्याच आठवड्यात एका रोखपालाच्या हिशेबात तूट निघाली. तीन आठवडे त्याच्या पगारातून कपात झाली आणि वर आरोपपत्र आले. चौकशीत आम्ही पैशांविषयी एक शब्द बोललो नाही. तीन कागद मागितले : त्या आठवड्यात प्रणालीत कोणते बदल कोणत्या वेळी केले त्याची यादी, त्या दिवशीची यंत्राची स्वतःची नोंदवही, म्हणजे ज्याला लॉग म्हणतात ती, आणि इतर शाखांतून त्या आठवड्यात आलेल्या तक्रारींचे रजिस्टर. पहिले दोन कागद आलेच नाहीत. तिसरा आला, आणि त्यात त्याच प्रकारच्या तुटी आणखी चार खिडक्यांवर नोंदलेल्या होत्या. आरोपपत्र मागे घेतले गेले नाही. ते नुसते थंड्या बस्त्यात गेले. कापलेली रक्कम अकरा महिन्यांनी परत मिळाली.

येथे कायदा थोडा समजून घेतला पाहिजे. संगणकातील नोंद पुरावा म्हणून द्यायची तर त्या काळात संगणक व्यवस्थित चालू होता, किंवा बिघडला असल्यास त्याचा नोंदीवर परिणाम झाला नव्हता, ही अट आपल्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ती आहे. कारखान्यातील किंवा बँकेतील खातेनिहाय चौकशीला पुरावा कायदा काटेकोरपणे लागू होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण न्यायालय जे विचारते ते चौकशी अधिकाऱ्याला विचारण्यास कोणाची मनाई नाही. तसेच ज्या यांत्रिक सुधारणेमुळे कामगार कमी होण्याचा संभव आहे, तिची २१ दिवसांची नोटीस देण्याचे बंधन १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आणि तिच्यातही बदलाच्या नोटिशीची तरतूद आहे. नोटिशीत ‘कोणते यंत्र’ एवढेच लिहून येते. ‘बंद पडल्यास काय’ हे कोणी लिहीत नाही.

अगदी अलीकडच्या दोन गोष्टी सांगून मी थांबतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने संगणकांच्या रखवालीसाठी असलेल्या आपल्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटी फाइल सर्वत्र एकदम पाठवली. ती सदोष होती. जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले. कंपनीने ७८ मिनिटांत चूक मागे घेतली. पण जे संगणक बसले ते बसलेच. माणसाने एकेका यंत्रापाशी जाऊन, ते विशेष रीतीने चालू करून, ती फाइल हाताने पुसावी लागली. आपल्या देशातील विमानतळांवर त्या दिवशी कारकुनांनी प्रवाशांना बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. विमानवाल्यांना लिहिता येणारे हात अजून पगारावर होते, हे त्यांचे भाग्य.

दुसरी गोष्ट टपाल खात्याची. खात्याने आपली नवी प्रणाली मे-जून २०२५ मध्ये आधी कर्नाटकात चालवून पाहिली, मग टप्प्याटप्प्याने इतर प्रांतांत नेली, ठिकठिकाणी एक दिवस व्यवहार बंद ठेवून आकडे ओतले आणि ४ ऑगस्ट २०२५ रोजी देशातील दीड लाखांहून अधिक टपालकचेऱ्या तिच्यावर आणल्या. मुंबई विद्यापीठाच्या तुलनेत ही चाल कितीतरी शहाणपणाची. पण तारीख आली ती राखीपौर्णिमेच्या पाच दिवस आधी, आणि पहिल्या दिवसांत यंत्रणा रेंगाळली तेव्हा राख्यांची पाकिटे घेऊन बहिणी रांगेत उभ्या होत्या. पंचांग पाहण्यासाठी संगणक लागत नाही.

आमच्या मागणीपत्रात आम्ही गेली काही वर्षे एक कलम घालत आहोत. नवी प्रणाली बसल्यापासून तीन महिने जुनी पद्धत समांतर चालू ठेवावी, त्या जादा कामाचा मोबदला द्यावा, आणि त्या तीन महिन्यांत निघालेल्या कोणत्याही तुटीची वसुली यंत्राची नोंदवही कर्मचाऱ्याला दाखवल्याशिवाय करू नये. मोबदल्याचा भाग दोन ठिकाणी मान्य झाला. तीन महिन्यांचा एका ठिकाणी सहा आठवडे झाला. नोंदवही दाखवण्याचा भाग अजून कोठेही मान्य झालेला नाही.